झडबाई

"लाज नाई वाटत? इतके दिवस कुठी गेलता? अन् आता आला तं असा दरोडेखोरावानी?"

बाईंच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हे शब्द कानावर आले. वर्ध्याहून आलेली एसटी मला फाट्यावर सोडून गेली होती आणि तिथून गावापर्यंत पावसानं झोडपून काढलं होतं. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात भिजून जड झालेली वळकटी. शाळा सुरू होऊन महिना झाला होता, त्यामुळे 'गेलता', 'आला' ही पुरुषाला उद्देशून केलेली भाषा ध्यानातही न येता हा राग माझ्यावरच आहे अशी माझी खात्री पटली. मी घाबरत म्हणाले, "बाई, माझी ऑर्डरच उशिरा निघाली."

दारातल्या उंच, सावळ्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुले नाई म्हनत पोरी," त्या म्हणाल्या. "ह्याले म्हनून राह्यली." आणि त्यांनी हनुवटीनं आभाळाकडे खूण केली. मग माझी पेटी स्वतः उचलून त्या आत गेल्या.

त्या गावच्या हायस्कुलात बाई भूगोल शिकवायच्या आणि मी विज्ञान शिकवायला आले होते. केळझरकडच्या डोंगरांच्या अंगाला वसलेलं ते गाव. वरच्या बाजूला एक जुना मातीचा तलाव, त्याच्या खाली उतारावर घरं, आणि गावाला वळसा घालून बोर नदीकडे जाणारा नाला. शाळा मात्र पलीकडच्या टेकाडावर. एकट्या बाईमाणसाला खोली मिळणं त्या काळी सोपं नव्हतं. बाईंनी त्यांची पुढची खोली मला दिली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकात बरीच पुढं जाईपर्यंत मी तिथंच राहिले.

गाव त्यांना पाठीमागं 'झडबाई' म्हणे. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्या नावाचं वाईट वाटत नसे. झड म्हणजे आमच्या विदर्भातला बारीक, एकसुरी पाऊस. गडगडाट नाही, वारा नाही. आभाळ खाली उतरतं आणि दिवसच्या दिवस नुसती रिपरिप चालू राहते. कपडे वाळत नाहीत, चुलीतलं सरपण धुमसत राहतं, चपलांवर बुरशी येते. झड लागली की सारं गाव कंटाळतं. बाई तिची वाट पाहत.

"आमच्या लहानपनी श्रावनात झड लागे," त्या सांगायच्या. "आता पाहा. महिनाभर कोरडं, अन् मंग एकाच दुपारी सगळं फेकून देते. हा काय पाऊस झाला? हे तं पानी फेकनं झालं."

पावसाला त्या उत्तरपत्रिकेसारखे गुण देत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून बाहेर पाहत म्हणत, "दहापैकी तीन. सुरुवात बरी होती, मंग घाई केली." बारीक पाऊस असेल तर छत्री मिटून काखेत धरून त्या भिजत चालत. मुसळधार सुरू झाला की मात्र छत्री उघडून अशी पुढं धरत, की समोरचा रस्ताही दिसू नये. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अशा पावसाले तोंड दाखवाची मले इच्छा नाई."

वर्गात बाई शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. नैऋत्य मोसमी वारे, पर्जन्यछायेचा प्रदेश, सगळं स्वच्छ उच्चारांत. पण खिडकीबाहेर पाऊस वाजायला लागला की त्यांची भाषा आपोआप घरची होई. हातातला खडू खाली ठेवून त्या म्हणत, "चूप बसा रे. ऐका कसा पडून राह्यला." आणि पोरं खरोखर ऐकत. इन्स्पेक्टर वर्गात बसलेले असतानाही एकदा त्यांनी असंच केलं होतं. इन्स्पेक्टरही बिचारे मान वाकडी करून ऐकत बसले.

घरातही पाण्यावर त्यांची शिस्त चाले. अंगणातून एक ओहळ धावत रस्त्यावर जाई. बाईंनी त्याच्या वाटेत ठिकठिकाणी दगड मांडले होते. पाऊस पडला की साडीचा ओचा खोचून त्या पायानं माती लोटत, दगड सरकवत, त्या ओहळाला उगाच इकडून तिकडे फिरवत. परसातल्या विहिरीपर्यंत त्याला आणून सोडलं की त्यांचं समाधान होई. आल्यागेल्याला त्या दगडांची ठेच लागायची. तक्रार केली की उत्तर ठरलेलं होतं: "पानी पळाले आपलं आपन शिकते. चालाले मात्र त्याले शिकवा लागते."

एका वर्षी खरोखरच झड लागली. मला आठवतं, तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी वैतागून म्हणाले होते, "बाई, माझी एक साडी कोरडी नाही." बाई चुलीपुढं बसून बेसनाच्या पातोड्या थापत होत्या. चेहरा असा, जणू माहेरचं माणूस राहायला आलंय. त्यांनी त्यांची साडी मला दिली, आणि मग पहिल्यांदाच स्वतःबद्दल थोडं बोलल्या. त्यांचं बालपण आर्वीकडच्या एका खेड्यात गेलं. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. उजाडायच्या आत जात आणि पोरं झोपल्यावर येत. "झड लागली का मंग शेतात काम नाई. मंग बाप घरी राह्ये. अंबाडीची दोरी वळत बसे अन् आमाले गोष्टी सांगे. आमाले बाप दिसे तो झडीतच."

एवढं बोलून त्यांनी पातोड्या कापायला घेतल्या. पुढं कधी त्यांनी हा विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. पण 'झडबाई' हे नाव ऐकून मला पूर्वी हसू यायचं, ते त्या दिवसापासून थांबलं.

आज वर्तमानपत्र उघडावं तर बदलत्या हवामानावर रकानेच्या रकाने भरलेले असतात. पावसाचे दिवस कमी झाले, कोसळणं वाढलं, नद्या पुरानं फुगतात आणि दिवाळीनंतर आटतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं. बाई जे बोलत ते गावाला म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईची कुरकुर वाटे. आणि खरं सांगायचं तर बाईंचेही सगळेच अंदाज खरे ठरत असं नव्हतं. "यंदा पाऊस नाई" म्हणून त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, त्या वर्षी गावात ज्वारी कुजेपर्यंत पाऊस झाला. स्वतःची चूक त्या सहज हसण्यावारी नेत.

एकच गोष्ट त्या हसण्यावारी नेत नसत. तलावाचा सांडवा.

तलाव भरला की जादा पाणी एका बाजूच्या दगडी वाटेनं नाल्यात निघून जावं, अशी सोय जुन्या लोकांनी करून ठेवली होती. तो सांडवा. एका कोरड्या वर्षी होळीच्या आतच तलावाचा तळ दिसला आणि गुरं पाण्यासाठी दूर नेताना गावाच्या नाकी नऊ आले. त्यानंतर दौलतरावांनी पुढाकार घेतला. दौलतराव गावातले मोठे शेतकरी. तोंडानं फटकळ, पण गावासाठी रात्रीबेरात्री उठणारे. त्यांनी श्रमदानाला माणसं जमवली आणि सांडव्याच्या तोंडावर दगडमातीची कंबरभर भिंत घातली. भिंतीपुढं बेशरमाची झुडपं माजली आणि भिंत आणखी पक्की झाली. तलावात पाणी जास्त थांबू लागलं. खालच्या विहिरींना पाणी वाढलं, गव्हाला पाण्याची एक पाळी जादा मिळू लागली. गाव दौलतरावांचं नाव घेई, आणि ते रास्तही होतं.

बाई तेवढ्या विरोधात. भर ग्रामसभेत त्या उठल्या.

"दौलतराव, ते भिंत काढा."

दौलतराव चकित झाले. "बाई, तुमीच तं सांगता, पानी अडवा म्हनून!"

"अडवा म्हनलं. कोंडा नाई म्हनलं."

सभा हसली आणि पुढच्या विषयावर गेली.

मग बाईंनी वर्ध्याच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की शेवटी एक तरुण ओव्हरसियर तलाव पाहायला आला. भला माणूस होता. उन्हातून साऱ्या पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून चालला, ठिकठिकाणी वाकून माती पाहिली. मग बाईंच्या ओसरीवर बसून म्हणाला, "बाई, पाळ मजबूत आहे. काळजी करू नका."

बाई म्हणाल्या, "बसा. पानी प्या. ओंजळ करा." ओव्हरसियरनं ओंजळ धरली. बाईंनी तांब्यातून हळूहळू धार धरली आणि तो घोट घोट प्यायला. मग बाईंनी कोपऱ्यातली भरली बादली उचलली आणि सगळीच्या सगळी त्याच्या ओंजळीवर ओतली. तो ठसकला, त्याचा शर्ट, पँट, बूट, सारं ओलंचिंब.

"ओंजळ मजबूतच हाये साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "पन आताचा पाऊस हा असा येऊन राह्यला."

मला वाटलं, आता हा चिडून निघून जाईल. तो आधी खोकला, मग हसत सुटला. म्हणाला, "पटलं. सांडवा मोकळा असायला हवा, हे मी लिहून देतो. पण पाळ फुटणार नाही, हेही लिहून देतो." दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिले. बाईंनी त्याला त्यांच्या भावाचा ठेवणीतला सदरा दिला, तो घालून तो वर्ध्याला गेला. त्याच्या लिहिण्यावर काही झालं नाही. भिंत तशीच राहिली.

ती फुटली एका तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.

आमच्याकडे मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. लाकडी बैलांना रंग, घुंगरू, झूल घालून पोरं मारुतीच्या पारापुढं रांगेत उभी राहतात. त्या वर्षी श्रावण अर्ध्याहून अधिक कोरडा गेला होता. कपाशीनं माना टाकल्या होत्या. मग शेवटच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि तलाव झपाट्यानं भरत आला. गाव खूश होतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मात्र डोंगराच्या बाजूला आभाळ काळंठिक्कर झालं, आणि दुपारच्या आत जो पाऊस कोसळू लागला तसा मी तोवर पाहिला नव्हता. समोरचं घर दिसेना.

दरवर्षी सजवलेल्या बैलांमधून नंबर काढायचं काम बाईंचं. पोरं पारावरच्या पत्र्याखाली दाटीवाटीनं त्यांची वाट पाहत होती. बाई आल्या त्या तलावाकडून, धावत, बिनछत्रीच्या. मी त्यांना पहिल्यांदाच धावताना पाहत होते.

"दौलतराव, भिंत फोडा!"

"काऊन? काय झालं?"

"पानी पाळीच्या माथ्याले लागून राह्यलं. हात पुरते इतकंच अंतर हाये."

दौलतराव उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. "बाई, यंदा किती दिवसांनी तलाव भरला. लोकायचा गहू हाये त्याच्यावर. आज फोडली अन् उद्यापासून पाऊस गेला तं?"

"तं मले बोल लावजा. मरेपर्यंत लावजा."

"ओव्हरसियर तं म्हनून गेला, पाळ पक्की हाये म्हनून."

"तो बरोबर असन तं चांगलंच हाये. पन मी बरोबर असली तं?"

पत्र्यावर पाऊस आदळत होता. दौलतरावांनी पोरांकडे पाहिलं. त्यांत त्यांचा नातूही होता, निळ्या रंगाचा बैल छातीशी धरून उभा. ते वळले आणि ओरडले, "सब्बल घ्या रे! फावडे घ्या! चला!" आणि सगळ्यांच्या आधी तेच पावसात शिरले. भिंत त्यांनी घातली होती, तिच्यावर पहिला घावही त्यांनीच घालायचा ठरवलं असावं.

बाईंनी माझा दंड धरला. "तू लेकरं, बाया, म्हातारे सगळे घेऊन शाळेत जाय. कोनाले मांगं ठेवू नको. पाळ राह्यत नाई आज." आणि त्याही माणसांच्या मागं तलावाकडे गेल्या.

पुढचा तासभर मी काय केलं ते मला तुटक तुटक आठवतं. मी दारं ठोठावत होते. एक बाई पिठाचा डबा सोडायला तयार नव्हती. दुसरीनं शेळी सोडून घेतली. सगळ्यांत अवघड होती बुढीमाय, दौलतरावांची आई. फार म्हातारी, पायांनी अधू, पण आवाज घंटेसारखा खणखणीत. "मी लगन होऊन आली ते याच घरी आली, अन् जाईन तं याच घरातून जाईन. चाल, निघ!" तिच्या सुनांनी अन् मी ती बसली होती ती बाजच उचलली. टेकाड चढेपर्यंत बुढीमायनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शाळेच्या व्हरांड्यातून तलाव दिसतो. पोरांनी लाकडी बैल बाकांवर मांडले होते, आणि बाया खिडक्यांना चिकटून उभ्या होत्या. पावसाच्या पडद्याआड सांडव्यावर हलणारी माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. मग अचानक ती माणसं बाजूला पांगली आणि तिथून मातकट पाण्याचा एक लोंढा नाल्यात उडाला. त्याचा आवाज शाळेपर्यंत आला. थोड्या वेळानं माणसं धापा टाकत टेकाड चढून आली. सगळ्यांच्या शेवटी बाई, आणि त्यांना कोपराला धरून दौलतराव.

बाईंनी आल्या आल्या विचारलं, "सगळे आले?"

"आले."

त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "आता घरं गेली तं गेली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मानसं हायेत."

बायांमध्ये रडणं सुरू झालं. आम्ही सगळे तलावाकडे पाहत उभे होतो. पाऊस थांबत नव्हता. दर थोड्या वेळानं कुणीतरी म्हणे, "गेली! गेली ना पाळ?" आणि ती गेलेली नसे. बाई एकटक पाहत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या बोटांना सब्बल, म्हणजे पहार, चालवून फोड आले होते, ते त्यांना कळलंही नव्हतं.

दिवस कलायला लागला तसा पावसाचा जोर कमी झाला. दौलतराव कुणाला न विचारता खाली गेले. पाळीवरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मधे मधे वाकून पाहत. मग तिथूनच त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. पण त्याचा अर्थ नक्की काय ते आम्हांला कळेना, म्हणून ते चढून वर येऊ लागताच सगळे पायरीपाशी जमले.

"बाई, पानी हातभर उतरलं. पाळ जशाची तशी हाये."

"तडा?"

"नाई."

"खालून पाझर? गढूळ हाये का?"

"निवळ हाये, माती वाहून नाई राह्यली. मी हातात घेऊन पाह्यलं."

बाई मटकन पायरीवर बसल्या. "म्हंजे मी चुकली."

दौलतराव त्यांच्यापुढं उकिडवे बसले. एरवी फटकळ माणूस, पण आवाज एकदम मऊ झाला. "हाव बाई. चुकल्या."

"पुन्हा म्हना."

"चुकल्या तुमी. साफ चुकल्या!" आणि ते हसले. त्यांच्यामागं कुणीतरी हसलं, मग सारा व्हरांडा हसायला लागला. बाई पदरात तोंड घालून रडत होत्या आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

भिंत फोडली नसती तर पाळ टिकली असती का? पुढं ओव्हरसियर येऊन पाहून गेला, त्यालाही सांगता आलं नाही. "कुणास ठाऊक" एवढंच तो म्हणाला. त्या हंगामात गव्हाला पाण्याची एक पाळी कमी पडली. दौलतरावांनी त्यावरून बाईंना कधी एक शब्दही ऐकवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून सांडव्याखाली नाल्यात जागोजागी दगडांचे बुटके बांध घातले, पाणी निघून जाईल पण रमतगमत जाईल असे. माझी बदली वर्ध्याला झाली आणि बाई निवृत्त होऊन आर्वीला भावाकडे गेल्या, तोवर ते बांध गवतानं झाकून गेले होते. मी एकदा बाईंनाच विचारलं होतं, "खरंच फुटली असती का हो?" त्या म्हणाल्या, "मले माहीत नाई. माहीत नाई तेच बरं हाये पोरी."

मला मात्र आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. सारं गाव चिखलातून टेकाड उतरत होतं. पोरं बैल डोक्यावर घेऊन पुढं धावत होती. घरं होती तिथंच होती. चुली भिजल्या होत्या, एका गोठ्याचं कूड पडलं होतं, बस. बुढीमायची बाज चौघांनी उचलली होती आणि ती बाजेवरून बाईंवर तुटून पडली होती.

"माह्या हाडांचा चुरा केला या भवानीनं! काई नाई झालं, काई नाई! उगाच चढवलं मले! माही चूल इझली, माही कोंबडी पळाली, अन् हे म्हनते पाळ फुटन! कुठी फुटली? दाखव कुठी फुटली!"

सुना तिला गप्प करत होत्या. दौलतराव ओशाळून म्हणाले, "माय, बस न वो आता."

"नोका अडवू तिले," बाई म्हणाल्या. त्यांनी बाजेचा एक खूर स्वतःच्या खांद्यावर घेतला, आणि बुढीमायच्या तोंडाशी कान नेऊन, चिखलात पाय तोलत चालू लागल्या.

"बोल माय, बोल. थांबू नको. घर येईपर्यंत बोल."